आत्या, तुझी जळकुकडी

आत्या, तुझ्या मातीला सगळ्यात मोठ्यानं रडली ती रेणू, आणि तिथंच माझं डोकं फिरलं.

निरोप आला तशी मी नांदेडहून निघाले. पण आपली एसटी तुला माहीत आहे. लोह्याला थांबली, अहमदपूरला ड्रायव्हरनं निवांत चहा घेतला, आणि मी लातूरला तुझ्या पत्र्याच्या खोल्यांपुढं पोचले तेव्हा अंगण बायकांनी भरलं होतं. मधोमध रेणू. तुझं डोकं तिच्या मांडीवर. उदगीर जवळ पडतं ना, ती आधी पोचली. शेवटची आंघोळ तिनं घातली, साडी तिनं नेसवली, केसही तिनंच विंचरले आणि भांग सरळ मधून पाडला. जन्मभर तू डाव्या बाजूनं भांग पाडलास. मी ते तिथल्या तिथं बोलून दाखवलं. आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला, "भांगाचं काय घेऊन बसलीस गं आता?"

मग कशाचं घेऊन बसू? मी तुझ्या सख्ख्या भावाची लेक. ती किनवटच्या पल्याडच्या गावातली, आश्रमशाळेत शिकलेली, तुझ्या ना नात्यातली ना गोत्यातली. मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींना विचारत होत्या, "ही लेक का त्यांची?" आणि कुणीतरी हो म्हणून मान हलवली. माझ्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

आता तुला ऐकू येत नाही म्हणून मी गोड गोड बोलीन असं समजू नकोस. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. रेणू तर धडधाकट जिवंत आहे, तिच्याबद्दल बोलायला काय हरकत?

पण तिच्यावर रागावण्याआड मी एक भीती लपवून ठेवली होती, ती तुला सांगितलीच पाहिजे. नांदेड ते लातूर सगळी वाट मी एकच विचार करत होते. आता माझा तो न जेवण्याचा आजार परत आला तर? इतकी वर्षं तो दूर होता तो माझ्यामुळं, की तू तीन तासांच्या अंतरावर बसली होतीस म्हणून? हे मला खरंच माहीत नव्हतं. तू गेल्याचं दुःख होतंच, पण त्याच्या खाली हे होतं. माझं जेवण तुझ्याबरोबर जाळून येणार की काय, असं वाटत होतं.

तुझ्या-माझ्यातलं पहिलं भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून ते आधी काढते.

मला अकरावीला लातूरला आणून टाकलं तेव्हा गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या. पोरगी डॉक्टर होणार असं पप्पांनी निम्म्या नांदेडला सांगून ठेवलं होतं. मी होस्टेलवर, आणि तू दोन गल्ल्या पलीकडं, साड्यांना फॉल-पिको करत. रविवारी तुझ्याकडं, बाकीचे दिवस क्लासात. दर परीक्षेनंतर क्लासच्या दारात नावं लागायची, वरून खाली. नांदेडच्या शाळेत मी पहिली यायचे. इथं माझं नाव शोधायला मान खाली घालावी लागायची. मग कधीतरी माझा डबा परत जायला लागला. सुरुवातीला वेळ नाही म्हणून, नंतर मला ते जमतंय म्हणून. बाकीच्या पोरी भुकेनं कासावीस व्हायच्या, मी नाही. अख्ख्या लातुरात एका तरी गोष्टीत मी पहिली होते. हे मी तुला फार उशिरा सांगितलं, आणि तू म्हणालीस, "असल्या नंबराला काय चाटायचं हाय?"

तर त्या दिवसांत एका रविवारी तू माझ्या सैल झालेल्या ड्रेसला टाके घालत होतीस. मध्येच उठलीस, दार लावून घेतलंस आणि खालच्या आवाजात विचारलंस, "वैशू, पाळी येती ना?"

मी म्हटलं, बरेच महिने नाही.

तुझा चेहरा उतरला. "कोन हाय त्यो? क्लासातला हाय का?"

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी अशी ओरडले की शेजारीण खिडकीतून डोकावली. सतरा वर्षांची पोरगी, कुणा मुलाशी धड बोललेली नाही, आणि तिच्यावर हा आळ! दुसऱ्या दिवशी ओढणीनं माझं तोंड बांधून, मागच्या गल्लीनं, चोरासारखी तू मला लेडी डॉक्टरकडं घेऊन गेलीस. त्या बाईंनी तपासलं, तुझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "हिच्या पोटात बाळ नाही. अन्नही नाही. ही जेवत का नाही ते आधी विचारा." आणि त्यांनी आपल्याला मनाच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली.

परत येताना रिक्षात तू पदर तोंडाला लावून रडलीस, आणि मला दिसत होतं, ते सुटकेचं रडणं होतं. माझा जास्तच भडका उडाला. पुढं किती वेळा मी म्हटलं, आत्या, त्या दिवसाची माफी माग. तुझं उत्तर ठरलेलं, "म्या संशय घेतला म्हनून तर दवाखान्यात गेलो. न्हाई घेतला असता तर?" पण माफी तू मागितली नाहीस ती नाहीसच. मी अजून वाट बघते आहे.

मनाच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. हे नाटक नाही, आजार आहे. औषध आहे, दर आठवड्याला येऊन बोलणं आहे, वेळ लागेल. आणि जेवताना कुणीतरी सोबत बसा, पण घासाघासावर बोलू नका. होस्टेल सोडून मी तुझ्याकडं राहायला आले. आधी आई रजा टाकून आली होती. बिचारी आई! आपल्याकडं माया दाखवायची म्हणजे आग्रह करायचा, तिला दुसरी रीत ठाऊकच नव्हती. समोर मांडी घालून बसायची, घास हातात धरायची. हा पप्पांच्या नावाचा, हा देवाच्या नावाचा, हा नाही खाल्लास तर माझ्या गळ्याची शपथ. आणि डोळ्यांतून धारा. माझे दात असे घट्ट बसायचे की मलाच उघडता यायचे नाहीत.

तू हे तीन दिवस बघितलंस आणि आईला म्हणालीस, "वहिनी, तुमी जावा नांदेडला. म्या बसते हिच्यासंगं. पन बघनार न्हाई."

आई गेली, आणि तू ताट ठेवलंस, फॉल लावायची साडी उचललीस आणि माझ्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसलीस. मला वाटलं रुसलीस. विचारलं तर म्हणालीस, "खानाऱ्याच्या तोंडाकडं बघू न्हाई बाई." मला वाटलं, नजर लागते म्हणून. म्हाताऱ्या बायकांचं असतं तसं काहीतरी. तुझी सुई चालत होती. मग भिंतीलाच सांगितल्यासारखं तू सांगितलंस, जे पप्पांनाही कधी सांगितलं नव्हतंस. भूकंपात तुझं घर गेलं, नवरा गेला, सासू गेली, तुला लोकांनी ढिगाऱ्यातून ओढून काढलं, एवढं मला ठाऊक होतं. त्याच्या पुढचं नव्हतं.

"शेडात व्हतो आमी," तू म्हणालीस. "ट्रक यायचे. मानसं लई चांगली, लांबून लांबून यायची. खिचडी वाढायची. वाढून जायची न्हाईत पन, हुबी राहायची. आमी खाताना बघायची. कुनी फोटू काढायचं. घरची मानसं मातीत गेली, आनि म्या घास गिळते का न्हाई ते सगळी दुनिया बघून राहिली. ते घास अजून हितं अडकल्यात."

मी विचारलं, मग काय केलंस?

"ताट घेऊन शेडामागं जायचे. तितं कुनी नसायचं. पन एकटं बी खाववत नव्हतं." सुई थांबली. "कुनीतरी असावं बघ. पन बघू न्हाई."

मी त्या दिवशी भाकरीचा एक कोपरा खाल्ला. तू वळून पाहिलं नाहीस, ताटही मीच उचलून मोरीत ठेवलं.

पुढचं काही सरळ झालं नाही. पंधरा दिवस बरे जायचे, मग एखादी परीक्षा व्हायची आणि पहिल्यापासून सगळं. एकदा मी ताट भिरकावलं. वरण भिंतीवर, जमिनीवर. तू वळलीच नाहीस. म्हणालीस, "गिऱ्हाइकाच्या साडीवर उडालं असंल तर तूच जाऊन सांग त्या बाईला." मी रडत रडत साडी तपासत बसले. साडीवर काही उडालं नव्हतं. तू दुसरं ताट वाढून आणलंस आणि परत भिंतीकडं तोंड केलंस. डॉक्टरांकडं जायचा दिवस मी कितीदा चुकवायला बघितला, तू शिवणाचं काम बाजूला टाकून माझ्या आधी चप्पल घालून दारात. त्यांच्याकडं आत मी बोलायचे, बाहेर बाकावर तू. तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर आत काय बोललीस म्हणून विचारलं असतं. तू विचारायचीस, येताना मेथी घ्यायची का पालक.

मी जेवायला लागले तसं आईचं तोंड पडलं, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? नांदेडला गेले की ती मुद्दाम माझ्या आवडीचं करायची, आणि मी खाल्लं की विचारायची, "वन्संच्या हातचं असंच असतं का? की माझ्या हातचं कडू लागतं?" हसत म्हणायची, पण हसणं ओठांवरच. आमच्या घरात जळणं हे असं रक्तातच आहे, आत्या. मी एकटीच नाही.

डॉक्टर मी झाले नाही. बारावी झाली, नांदेडला येऊन बीएस्सी करायला लागले, दर रविवारी तुला फोन. आणि मी नीट जेवत होते. पुरं बरं म्हणायला वेळ होता, पण जेवत होते. त्या वर्षी दिवाळीला न सांगता तुझ्याकडं आले. दार उघडंच. आत भिंतीकडं तोंड करून तू, हातात साडी. आणि तुझ्या पाठीमागं, माझ्या जागी, माझ्या पाटावर, एक काटकुळी पोरगी ताटातल्या भाताकडं बघत बसलेली.

मी तुला मागच्या गल्लीत ओढून नेलं आणि विचारलं, "कोण आहे ही? हिला आई नाही का?"

"हाय की. किनवटच्या पल्याड. ती काय तितून रोज यील का?"

रेणू क्लासला आली होती, होस्टेलवर राहायची, ड्रेस दाबून घ्यायला तुझ्याकडं आली आणि तू ओळखलंस. या खेपेला तू दार लावून पाळीचं विचारलं नाहीस. तिला सरळ मनाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलीस. म्हणजे बघ, शिकाऊ आत्या माझ्या वाट्याला आली, संशय माझ्या वाट्याला आला, आणि तयार आत्या आयती तिच्या ताटात. त्या रात्री मी तुझ्याशी बोलले नाही. सकाळी तू विचारलंस, "कशाला जळून राहिलीस गं? एकीला भाकरी दिली म्हनून दुसरीची कमी होती का?"

"होते," मी म्हटलं. "पीठ तेवढंच असतं."

तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. "मग पीठ वाढवू की, जळकुकडे!" तेव्हापासून ते नाव मला चिकटलं. लग्नातसुद्धा तू मला ओवाळताना कानात तेच म्हणालीस. पण माझा मुद्दा तू हसण्यावारी नेलास. माणसाकडं वेळ तेवढाच असतो, डोळे दोनच, पाठ एकच. मी अजूनही त्या मुद्द्यावर ठाम आहे.

आणि रविवारचे ते फोन! मी तुझी चौकशी करायचे आणि तू रेणूचं पुराण लावायचीस. "रेणूनं आज दोन भाकरी खाल्ल्या बघ." "रेणूनं आमटी मागून घेतली." मी फोन आपटायचे आणि रागारागानं स्वयंपाकघरात जायचे. आई विचारायची, एवढ्या जोरात पातेलं का ठेवलंस? मी ताट घ्यायचे आणि जेवायचे. कालची आलेली पोरगी दोन भाकरी खाते आणि मी काय कमी आहे? मग रेणू बीएएमएसला लागली, उदगीरला तिचा दवाखाना निघाला, आणि मी नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते. म्हणजे डॉक्टरही तीच झाली. पप्पांनी तिच्या दवाखान्याच्या उद्घाटनाला नारळ पाठवला, तेव्हा दोन दिवस मी पप्पांशी बोलले नाही.

आता त्या दिवसाचं सांगते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

तुला नेऊन लोक परत आले. शेजारच्या घरातून कडू घासाचं पिठलं-भाकरी आलं. मी हात धुतले आणि बसले. मला नियम ठाऊक आहे, डॉक्टरांनी तो माझ्याकडून कितीदा म्हणवून घेतलाय. बाकी जग इकडचं तिकडं होवो, जेवणाची वेळ चुकवायची नाही. घास तोंडात फिरत होता, गिळवत नव्हता. तरी गिळला. एक भाकरी मी खाल्ली. आणि कुणाचं माझ्याकडं लक्षसुद्धा गेलं नाही, कारण सगळ्या बायका रेणूभोवती जमल्या होत्या. रेणूनं ताट सरकवून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. "डॉक्टरीणबाई, दोन घास तरी घ्या." "पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं दुःख करून राहिली हो ही." आणि आत्या, माझी आई, माझी सख्खी आई, रेणूसमोर मांडी घालून बसली, हातात घास, डोळ्यांत पाणी. "रेणू, माझ्या गळ्याची शपथ आहे तुला." ज्या आग्रहानं माझे दात बसायचे, तो आग्रह दुसरीला होताना बघून मला जळायला झालं! याच्यावर तू काय म्हणाली असतीस कुणास ठाऊक.

आणि तेव्हा ते जुनं खूळ माझ्या कानाशी आलं. किती वर्षांनी, पण आवाज तोच. म्हणालं, बघ, तिचं दुःख खरं. ती जेवत नाही. तू आलीस आणि तासाभरात पिठलं हाणलंस. आत्या हिची जास्त होती, हे सगळ्यांना दिसतंय. अजून उशीर झालेला नाही. तूही ताट सरकव, मग बघ कोण कुणाच्या मागं लागतं. या शर्यतीत तुला कोण हरवणार आहे?

मी खोटं बोलणार नाही. त्या संध्याकाळी मी ताटावर बसले आणि हात पुढं केला नाही. भाकरी गार झाली. मला हलकं हलकं वाटायला लागलं, आणि ते हलकेपण मला इतकं ओळखीचं होतं की मी घाबरले. ताटातून दोन घास उचलले, चावले, गिळले आणि उठले. तेवढंच झालं त्या दिवशी.

तिसऱ्याला राख सावडून लोक आले. अंगणात चहा चालला होता. मी स्वयंपाकघरात गेले तर तिथं रेणू, भिंतीला टेकून. ओठ सुकलेले. तिनं वर पाहिलं.

"तू जेवलीस?"

"जेवले," मी म्हटलं. आवाजात जेवढी बोच आणता येईल तेवढी आणली. "काल रात्री थोडं अडलं. पण आज सकाळी जेवले."

"मला माहीत होतं. तू जेवनारच." आणि तिचं तोंड वाकडं झालं. "आत्या म्हनायचीच."

"माझं बोलायची आत्या? तुझ्याजवळ?"

"बोलायची?" रेणू एकदम उसळली. "डोकं उठवायची माझं! म्या अर्धी भाकरी ठेवली की सुरू. वैशूनं येवढ्या दिवसांत सगळी संपवली व्हती. वैशू कधी ताट सोडत नव्हती. वैशूला म्या एकदाबी सांगितलं न्हाई. तुझं तोंड बघायच्या आदीपासून मला तुझा राग होता, ताई. रागानं संपवायचे म्या भाकरी. म्हनलं, ही कोन वैशू लागून गेली?"

"रेणू, मी त्या दिवसांत अर्धीसुद्धा खात नव्हते. मी ताट भिंतीवर फेकलं होतं."

"काय?"

"वरणासकट."

मग मी विचारलं, "आणि तू दोन भाकरी खायचीस ते? आमटी मागून घ्यायचीस ते? दर रविवारी मला ऐकावं लागायचं."

"दोन?" रेणूनं डोळे मोठे केले. "मला एक गिळवत नव्हती तवा! आमटी तर म्या तोंडाला लावत नव्हते."

आत्या, तू लबाड होतीस. सरळ सरळ लबाड! भिंतीकडं तोंड करून बसायचीस आणि एकीला दुसरीच्या नावानं चेतवत राहायचीस. आम्ही जळतो हे तुला दिसत होतं. थांबवायचं सोडून तू त्याच जाळावर भाकरी भाजून घेतल्यास. आणि मी इतकी वर्षं समजत होते, तुला माझं मन कळत नाही म्हणून तू माझ्यापुढं तिचं कौतुक करतेस.

आधी रेणूला हसू फुटलं की मला, ते आठवत नाही. तिसऱ्याच्या दिवशी, सुतकाच्या घरात, आम्ही दोघी ओढणी तोंडात कोंबून हसत होतो. आई दारातून डोकावली, तिला वाटलं रडतोय, ती डोळे पुसत परत गेली. मग खरंच रडलो. बराच वेळ. रेणूनं नाक पुसलं आणि म्हणाली, "आता कुनावर जळायचं गं, ताई?"

"माझ्यावर जळ," मी म्हटलं. "मी सकाळी दीड भाकरी खाल्लीय."

तिनं माझ्याकडं संशयानं पाहिलं. "खरं, का आत्यासारखं?"

"अगदी खरं. आईला विचार."

तिनं ताट ओढून घेतलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "वाढ."

मी तिला पिठलं वाढलं, भाकरी वाढली. पहिला घास तिनं खूप वेळ चावला. थोड्या वेळानं मीही माझ्यासाठी अर्धी भाकरी घेतली, कारण तिची एक पुरी व्हायला आली होती आणि दुसरीला तिनं हात घातला असता तर ती माझ्या पुढं गेली असती.

तिसरा करून नांदेडला आल्यावर मी लातूरच्या त्या डॉक्टरांना फोन केला. म्हातारे झालेत, पण आवाज तसाच. ताटावर हात अडला होता तेही सांगितलं, आणि तुझी लबाडीही. तुझ्या लबाडीवर ते खूप हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, दुसरीशी तुलना करून जेवणं हा काही कायमचा उपाय नव्हे, दोघी एकदा येऊन जा. आम्ही जाणार आहोत. रेणूनं माझ्या आधीची वेळ घेतली असणार, मला खात्री आहे.

काल तुझं तेरावं झालं. मी शाळेमुळं परत नांदेडला आले, रेणू उदगीरला गेली. आज दुपारी तिचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "जेवलीस?"

"वाढून घेतलंय. तू?"

"झालं माझं." आवाजात केवढी ऐट! मग हळू आवाजात, "ताई, एक विचारू? खरं सांग. तुला काय वाटतं, आत्या जास्त कुनाची व्हती?"

मी म्हटलं, माझी. ती म्हणाली, माझी. आम्ही त्यावर पाच मिनिटं भांडलो आणि तिच्या दवाखान्यात पेशंट आला म्हणून तिनं फोन ठेवला. माझी भाकरी गार झाली होती. मी ती खाल्ली.

तू जाण्याआधी एकीचं तरी नाव घेऊन जायचं होतंस, आत्या. घेतलं नाहीस. म्हणून आम्ही दोघी अजून जेवतो आहोत.